पायाळू हिरामण आणि माझा मणका

माझ्या पाठीबद्दल कुणी शंका काढायची नाही! कबड्डीत कंबरेतून पकड करावी तर अंजूरच्या या भावेशनेच. समोरचा एकदा माझ्या मिठीत आला की त्याची चढाई संपली, असा माझा २००६ सालापर्यंत लौकिक होता. (तो मीच पसरवला होता, ही गोष्ट वेगळी.)

त्या वर्षी एका मोठ्या कंपनीच्या संघाची निवड चाचणी भिवंडीत होती. संघात घेतलं की कायमची नोकरी! नाहीतर शेतं जाऊन उभ्या राहिलेल्या गोदामांत गठ्ठे वाहायचे. आदल्या दिवशी सरावाला हिरामण चढाईला आला. हा आमच्या संघातला सगळ्यात वजनदार गडी. नुसतं धरलं असतं तरी भागलं असतं. पण बघायला गर्दी होती ना! मी त्याला कंबरेतून उचलला, हवेत गरकन फिरवला आणि पाठीत खट्कन आवाज झाला.

मी तसाच उभा. वाकता येईना, त्याला सोडता येईना.

"भावेश," हिरामण वरून हळूच म्हणाला, "मी उतरू का रं?"

आमच्या आईला सगळं गाव आक्का म्हणतं आणि तिच्या निदानापुढे कुणी बोलत नाही. "उसन भरलीय याला!" तिने जाहीर केलं. शेकायला गरम वीट झाली, पाठीवरून लाटणं फिरलं, शेवटी पायाळूचा पाय लावायचं ठरलं. जो जन्मताना पायाकडून आला, त्याची लाथ लागली की उसण पळते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि गावात पायाळू कोण? हिरामण!

"न्हाय गो आक्का, माझा पाय जड हाय," तो बिचारा रडकुंडीला आला.

"जड हाय त लवकर गुन येल! मार!"

मला उंबऱ्यावर पालथा घातला. हिरामण आधी माझ्या पाया पडला, मग त्याने डोळे मिटून पाय टेकवला. अगदी अलगद.

"अंगारा लावतंस काय रं?" आक्का कडाडली. "नीट दाब!"

त्याने दाबला. मी टॉवेल चावला.

सकाळी चमत्कार! दुखणं गायब! आक्काने हिरामणला नारळ दिला. माझा उजवा पाय तेवढा बधिर वाटत होता आणि रिक्षात चप्पल सारखी गळत होती. पण आमचे प्रशिक्षक तुळशीराम सर यांना अवाक्षर सांगायचं नाही, हे ठरलेलं.

भिवंडीच्या मैदानावर माझं नाव पुकारलं. दम धरून चढाईला गेलो, मध्यरेषा ओलांडली आणि पडलो. कुणी हातही लावला नव्हता! समोरचे सातजण एकमेकांकडे बघायला लागले, याला धरला कोणी? उठलो, पुन्हा पडलो. पाऊल वर होतच नव्हतं. लोक हसले. मीही हसलो. तेवढ्यात हिरामण धावत आत आला, मला उचललं आणि रडायला लागला. तेव्हा मात्र मी घाबरलो.

ठाण्याच्या डॉक्टरांनी टेबलावर प्लास्टिकचा कणा ठेवला. "मानेत सात मणके, पाठीत बारा, कमरेत पाच. मध्ये या गाद्या. वजन उचलून कंबर पिळली की गादी सरकते आणि नस दाबते. खेळाडूंचं हे नेहमीचं."

"एवढं तुकडं?" आक्का हबकली. "मी त पोर अख्खा जन्माला घातला व्हता!"

"उजव्या पायाचा अंगठा वर करा," डॉक्टर मला म्हणाले.

"केला."

"करा ना."

"केलाय, डॉक्टर!"

त्यांनी चादर बाजूला केली. अंगठा होता तिथेच होता.

"पण दुखायचं थांबलं होतं!" मी म्हणालो.

"दुखणं कुठे थांबलं? नसच सांगायची बंद पडली. त्याच दिवशी आडवे पडला असतात, इकडे आला असतात, तर कदाचित पुन्हा खेळलाही असतात."

ऑपरेशन झालं. चालता येतं, पाऊल घासतं. कबड्डी संपली. मी पोटभर रडलो, त्याची लाज वाटत नाही.

तुळशीराम सर दवाखान्यात भेटायला आले. "दुखत होतं तर बोलला का नाहीस?"

"नोकरी गेली असती, सर."

"अरे, तुझं नाव तर आधीच पक्कं होतं. तू नुसता येऊन बसला असतास तरी चाललं असतं. डोक्यात हवा जाईल म्हणून मी बोललो नाही."

"मग चाचणी कुणाची होती?"

"राहिलेल्या एका जागेची. हिरामणला घ्यायचं त्यांच्या मनात होतं. पण त्याचं नाव पुकारलं, तेव्हा तो तुला घेऊन रिक्षात बसला होता."

हिरामण तेव्हा खाली माझ्यासाठी शहाळं आणायला गेला होता. त्याला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.