बोरी मुक्कामी टोस्टर कायम जाहला त्याची हकीकत

कुलस्वामिनीस दंडवत, गॅसच्या शेगडीस मुजरा करून लिहिले जाते जे, बोरी मुक्कामी बन्सीधररावांची स्नुषा अखंडसौभाग्यवती ज्ञानेश्वरीबाई माहेराहून येतेसमयी लांब दांड्याचा सँडविच-टोस्टर घेऊन आल्या. मुदपाकखान्याच्या मुखत्यार, सासूबाई धुरपताबाई, यांनी तो उलटापालटा करून पाहिला, आणि फर्मान सुटले की पाव हे आजाऱ्याचे अन्न, धडधाकट माणसाने त्यास शिवू नये. तरी सुनेच्या हौसेखातर आजचे दिवस करून दाखवावे, घरच्यांस रुचले तर ठीक, नाही तर उद्या टोस्टर भंगारवाल्याचे हवाली. ज्ञानेश्वरीबाईंस हे फार जिव्हारी लागले.

मग खाविंद परमेश्वरराव पाव आणावयास रवाना जाहले, आणि परतताना हातातील पाव शेजारच्या सरजाबाईंचे नजरेस पडला.

इकडे बाईंनी बटाटा, कांदा, मिरची, कोथिंबीर यांची जमवाजमव करून पहिला हल्ला केला. परंतु अति तेथे माती, सारण बेसुमार जाहले, दांडे मिटेनात, आंच मोठी, आणि पाव कोळसा होऊन रणी पडला. सासूबाई दारातून पाहत होत्या. मग बाईंनी सारण बेताचे घेतले, वर शेंगदाण्याची चटणी भुरभुरली, पावास बाहेरून तूप लाविले, आंच मंद ठेविली, आणि दोही बाजू तांबूस होताच खमंग वासाने ओसरीपावेतो अंमल बसविला.

तों सरजाबाई गल्लीतील बायकांची फौज घेऊन समाचारास हजर.

"धुरपता, घरात पाव आलाय म्हनं. कोन पडलंय गं?"

आजारी कोणीच नाही ऐसे कळता फौज खजील जाहली. परंतु आल्यागेल्यास तोंडी काही न घालता धाडणे हा त्या घरचा दस्तुर नव्हे, सबब बाईंनी सँडविच कापून पुढे ठेविले, आणि सरजाबाईंनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, मग तिसऱ्यास हात घातला आणि म्हणाल्या, "माय, लय भारी झालंय की."

धुरपताबाई मोठ्या पेचात पडल्या. फर्मान आपलेच, मोडावे कैसे. न मोडावे तर ताट रिते होत चालले. मग त्यांनी पदर डोईवरून घेतला, बाजेवर अंग टाकिले आणि क्षीण स्वरे म्हणाल्या,

"ज्ञानेश्वरी, मला बी सकाळधरनं कणकण वाटायलीय."

बाईंनी सासूबाईंच्या कपाळास हात लावून पाहिला. कपाळ गार होते.

"लय ताप हाय, आत्याबाई," ऐसे बोलून त्यांनी अख्खे सँडविच पुढे केले, आणि आजाऱ्याने ते बसून, चाटूनपुसून खाल्ले. फत्ते जाहली. टोस्टर मुदपाकखान्यात कायम जाहला, आणि दुसरे दिवशी सकाळी बन्सीधररावांसही ताप भरला.