सकवार सायाळीचा ताग

मुलांनो, एका जंगलात भाजीपाल्याची शेती होती, आणि तीही विषमुक्त. जंगलात शेती कशी असेल, असं विचारायला ज्यांचे हात वर झालेत त्यांनी ते खाली घ्यावेत. गोष्टीत असते.

ही विषमुक्ती सिंहमहाराजांनी आणली. महाराज स्वतः पालक खात नसत. पण पालक खाणारा ससा ते खात. एकदा सशानंतर त्यांचं पोट दुखलं आणि हुकूम निघाला, "आमच्या जेवणाचं जेवण शुद्ध असावं." त्या दिवसापासून फवारणी बंद झाली. तणांना फार आनंद झाला.

वाईट वाटलं ते सकवार नावाच्या सायाळीला. सायाळ म्हणजे पाठभर काटे असलेली, जिला कोणी साळिंदर म्हणतात तीच. ओढ्याकाठच्या आपल्या तुकड्यात ती वांगी, घेवडा, भोपळे लावायची. आता तिथं हरळी, लव्हाळा आणि केना. या टोकापासून त्या टोकापर्यंत खुरपून होईतो या टोकाला पुन्हा उगवलेलं असायचं.

त्यात जंगलाचा कायदा कडक. दिवाळीपर्यंत ज्या तुकड्यात भाजी दिसणार नाही, तो तुकडा रानडुकरांना लोळायला मिळायचा. त्यांचा म्होरक्या गेनबा रोज कुंपणाबाहेर आडवा होऊन मापं घेऊन जायचा.

एक दिवस सकवारनं खुरपं आपटलं, तेव्हा मातीतून दौलतराव वर आले. दौलतराव गांडूळ होते. जन्मभर त्याच मातीत राहिल्यामुळे त्यांना तज्ज्ञ म्हणून कोणी कधी बोलावलं नव्हतं.

"सकवारताई, जमीन उघडी टाकली की ती मिळंल ते नेसती," ते म्हणाले. "तुमीच तिला नेसवा. ताग पेरा, दाट. खाली ऊन उतरलं न्हाई पायजे. मग तण गुदमरतंय."

"आन् भाजी?"

"तागाला फुलं दिसली की त्याच दिशी कापायचा आन् तिथंच आडवा अंथरायचा. त्या अंथरुणात भाजी लावायची. पर शेंगा धरू द्यायच्या न्हाईत. बी पडलं, तर तागच तण हुतंय."

सकवारनं ताग पेरला. पन्नास दिवसांत तो तिच्या डोक्यावरून गेला. खाली वाकून पाहिलं तर हरळी पिवळी पडलेली, केन्यानं मान टाकलेली. सकवारला इतका आनंद झाला की तिनं दौलतरावांना मिठी मारायचं ठरवलं. दौलतराव घाईघाईनं मातीत गेले.

पिवळीधमक फुलं आली. सकवारनं विळा काढला आणि नेमके तेव्हाच जंगलाचे शेती अधिकारी कोल्हेसाहेब हजर झाले.

"थांबा," ते म्हणाले. "आमच्या खात्यात एवढं हिरवं काही पहिल्यांदाच उगवलंय. याची कापणी महाराजांच्या हस्ते होईल."

"सायेब, आजच कापाय पायजे. शेंगा धरतील."

"शेंगांना तसं कळवण्यात येईल."

महाराजांची तारीख काही मिळेना. एक आठवडा ते शिकारीत होते. दुसरा आठवडा ती शिकार पचवण्यात गेला. मग मांडव विणायला सुगरणी मिळेनात. सकवार रोज विळा घेऊन यायची आणि पहाऱ्यावरचा तरस तिला रोज परत पाठवायचा. शेंगा धरल्या. वाळल्यासुद्धा.

शेवटी महाराज आले आणि बोलायला उभे राहिले. तागाच्या वाळल्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळतात. महाराजांना त्या टाळ्या वाटल्या. ते आणखी बोलले. वारा थांबेना, म्हणून भाषण थांबेना. दोन तासांत शेंगा तडकून सगळं बी जमिनीवर सांडलं. मग महाराजांनी तागाची एक काडी कापली, फोटो काढून घेतला आणि ते जेवायला गेले.

उरलेला ताग सकवारनं कापून अंथरला आणि त्यात वांग्याची रोपं लावली. पण परतीच्या पावसात तुकडाभर ताग पुन्हा उगवला. रोपं त्यात दिसेनाशी झाली. ती ताग उपटायला गेली, तर कोल्हेसाहेबांचं पत्र आलं. महाराजांनी गौरवलेलं पीक तण असू शकत नाही, उपटल्यास शिक्षा होईल.

दिवाळी आली. भाजी दिसेना. तुकडा गेला.

सकवारला रडू आवरेना. जाता जाता तिनं रागानं पाठीचा एक काटा उपटला, त्यानं तागाच्या बुडाशी भोकं पाडली आणि घरात होतं नव्हतं ते भोपळ्याचं, घेवड्याचं बी त्यांत कोंबलं.

दुसऱ्या दिवशी गेनबा चाळीस डुकरं घेऊन आला. ती सकाळी लोळली, दुपारी लोळली, जेवून पुन्हा लोळली. ताग नुकता फुलावर आला होता. तो सगळा चटईसारखा आडवा झाला. त्याखालून एकाही तणाला डोकं वर काढता येईना.

संक्रांतीच्या सुमाराला गेनबा तक्रार घेऊन आला. "सायेब, आमच्या लोळणीत टेंगळं आल्यात. पाठीला टोचत्यात."

साहेब बघायला गेले. भोपळे होते. कडेनं कुंपणावर घेवडा लोंबत होता.

"एवढी भाजी कशी पिकवली?" साहेबांनी विचारलं.

"आमी कायबी केलं न्हाई," गेनबा म्हणाला. तो खरं तेच बोलत होता. साहेबांनी 'स्वभावानं विनम्र' असं लिहून घेतलं.

त्या वर्षीचा आदर्श भाजी-उत्पादक पुरस्कार गेनबाला मिळाला. लोळण-पद्धतीचं प्रशिक्षण निघालं आणि ज्यांचे तुकडे गेले होते त्यांना ते सक्तीचं झालं. सकवार पहिल्या रांगेत होती. सांगितल्यावर तीही लोळली. पाठीचे काटे मातीत रुतले आणि ती पाय वर करून तशीच अडकली. साहेबांनी शेरा मारला, 'तंत्र कच्चं.'

तिच्या कानाशी दौलतराव वर आले. "ताई, म्या हेच सांगितलं हुतं की."

"तुमी सांगितलं, म्या पेरलं," सकवार आभाळाकडे बघत म्हणाली. "लोळायचं तेवढं ऱ्हायलं."

तात्पर्य: मुलांनो, शेतात राबू नये, लोळावं. मात्र लोळण्यापूर्वी तिथं दुसऱ्या कोणीतरी ताग पेरून ठेवलाय ना, एवढं पाहून घ्यावं.