साडूंच्या कॉम्प्युटरचा दोष

"मी तपासलेला माल परत येत नाही," असं तपासनीस उठताबसता सांगायचे, आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काही नव्हतं. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगच्या शेवटच्या टेबलाशी त्यांची खुर्ची. बंद खोका नुसता हातात धरला की आत पुडा कमी आहे हे त्यांना कळायचं, आणि मग ज्यानं तो भरला त्याची धडगत नसायची. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलं, त्याचाच पगार मिळाला. त्यामुळे नातेवाइकांतही त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. तपासनीस म्हटलं की झालं.

तर या तपासनिसांनी सासूबाईंच्या पंचाहत्तरीसाठी घरच्या घरी डीव्हीडी बनवली. डीव्हीडी होती त्यांच्या स्वतःच्या लग्नाची. पण सासूबाईंना ती हवी होती सासऱ्यांसाठी. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज जगात फक्त त्या एका फिल्ममध्ये उरला होता. "फोटो आहेत गं भिंतीवर, पण आवाज आठवेनासा झालाय," असं त्या एकदा फोनवर म्हणाल्या, तेव्हा तपासनिसांची बायको फोन ठेवून बराच वेळ स्वयंपाकघरात जाऊन बसली होती. जुन्या कॅसेटला बुरशी लागलेली. स्टुडिओवाल्यानं कशीबशी तिच्यातून फिल्म काढून तपासनिसांच्या कॉम्प्युटरमध्ये भरून दिली, आणि कॅसेटनं तिथल्या तिथं राम म्हटला.

डीव्हीडी मी दुकानातून करून आणतो, असं साडू म्हणाले होते. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, स्वभावानं मवाळ, आणि हाच तपासनिसांच्या मते त्यांचा मुख्य दोष. दुकानात कोण बसतो, काय भरतो, कुणी बघितलंय? ते काही नाही. तपासनिसांनी कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर फिल्मचं एक छोटंसं चित्र होतं, त्यावर टिचकी मारली की लग्न सुरू. ते चित्र त्यांनी उचललं, डीव्हीडीच्या खिडकीत टाकलं आणि बटण दाबलं. बायकोनं गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं, त्याला उकळी फुटायच्या आत एक सोडून तीन डीव्हीडी तयार!

"साडूंना एका डीव्हीडीला अर्धा तास लागतो म्हणे," ते बायकोला म्हणाले. "हात कुणाचा आहे, ते बघायचं असतं."

मग प्रत्येक डीव्हीडी घालून त्यांनी तपासलीसुद्धा. अगदी झकास चालली. सुटाबुटातले तरणेबांड तपासनीस गाडीतून उतरतात, तिथपर्यंत त्यांनी तिन्ही वेळा मन लावून पाहिलं आणि बंद केलं. पुढे दुसरीच माणसं होती. शेवटी कारखान्यातली 'तपासले' छापलेली लेबलं एकेका डीव्हीडीच्या डबीवर चिकटवली, आणि कॉम्प्युटर हल्ली फार अडायचा म्हणून तो कॉम्प्युटरवाल्याकडे दिला. सगळं पुसून नव्यासारखा करा म्हणाले. आतलं काही ठेवायचं का, असं त्यानं विचारलं, तर त्याच्यावरच डाफरले. आत काय ठेवायचंय? सगळं डीव्हीडीवर आहे!

कॉम्प्युटरवाला हे एक स्वतंत्र प्रकरण होतं. काम झालं का म्हणून विचारलं की "आज हात घालतो साहेब." दुसऱ्या दिवशी विचारलं की पुन्हा आज. कामचुकारपणाची तपासनिसांना मुळातच चीड. पंचाहत्तरीच्या दिवशी सकाळी त्यांनी त्याला फोनवर असा फैलावर घेतला की वरच्या मजल्यावरची खिडकी बंद झाली. संध्याकाळपर्यंत पुसून झाला नाही तर दुकानात येऊन बसेन, अशी धमकी देऊनच ते साडूंकडे निघाले.

साडूंच्या बैठकीच्या खोलीत सगळी तयारी होती. नवा कॉम्प्युटर, भला मोठा पडदा, आणि समोर मधल्या खुर्चीत सासूबाई. ठेवणीतली साडी नेसल्या होत्या, आणि कमी ऐकू येतं म्हणून कधी नव्हे ते कानाचं यंत्रही लावलं होतं. तपासनिसांनी डीव्हीडी घातली. कॉम्प्युटरनं थोडी घरघर केली आणि फाइल सापडत नाही असं पडद्यावर सांगितलं.

"सापडत नाही म्हणजे काय?" तपासनीस म्हणाले. "समोर तर आहे!"

दुसरी घातली, तिसरी घातली. तेच. साडूंनी डीव्हीडी हळूच आपल्या सदऱ्याला पुसली, तर सदरा खरखरीत आहे म्हणून त्यांची हजेरी घेतली गेली. मग खोलीत धूळ आहे असं निघालं. मग विजेचा दाब कमी आहे. मग एकूणच नव्या वस्तूंत दम नाही, आमच्या कारखान्यात असला कॉम्प्युटर दारातूनच परत गेला असता! साडू बिचारे प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते, त्यामुळे तपासनिसांचा पारा आणखीच चढत होता. भांडायला निदान समोरच्यानं तरी तयार असावं की नाही?

मेहुणीनं आतून आपला लॅपटॉप आणला. तोही नापास. मग शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आपला घेऊन आल्या, त्यावर म्हणे दातांचे एक्स-रेसुद्धा स्वच्छ दिसायचे. त्यावरही लग्न दिसेना. नाचता येत नसलं की अंगण वाकडं म्हणतात. पण एका दुपारी तीन-तीन अंगणं वाकडी? तपासनिसांच्या मते होती. या गल्लीतच काहीतरी गडबड आहे, माझ्या घरी तिन्ही चालल्या आहेत, मी स्वतः तपासल्या आहेत, असं ते ठासून सांगू लागले.

"नाही चालत तर राहू दे गं," सासूबाई लेकीला म्हणाल्या आणि कानाचं यंत्र काढून पर्समध्ये ठेवायला लागल्या.

ते पाहिलं आणि तपासनिसांची बायको आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर सगळ्यांदेखत ओरडली. "अहो, जरा गप्प बसा आणि डॉक्टरीणबाईंना बघू द्या!"

डॉक्टरीणबाईंनी डीव्हीडीत काय काय आहे ते उघडून पाहिलं. मग दुखरी दाढ सापडल्यावर त्या पेशंटशी बोलत असतील, तशा मायेच्या आवाजात म्हणाल्या, "काका, यात फिल्म नाहीये. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर फिल्म कुठे ठेवलीय, त्याचा फक्त पत्ता आहे. म्हणून तिथे चालली. डीव्हीडी अख्खी रिकामी आहे."

रिकामी. इतर कुणाला कळायला वेळ लागला असता, पण तपासनिसांना ताबडतोब कळलं. बाहेर लेबल, आत बिस्किटं नाहीत! असा खोका पाठवणाऱ्या माणसांना त्यांनी टेबलापुढे उभं करून रडवलं होतं. आणि इथे एक नाही, तीन खोके, वर 'तपासले' असं छापलेलं. पण हे सगळं नंतर. आधी त्यांना आठवला तो सकाळचा फोन, आणि तोंडचं पाणीच पळालं.

त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. काय केलंत हो माझ्या कॉम्प्युटरचं, एवढंच कसंबसं विचारलं.

"झालं साहेब! तुम्ही सांगितलं तसं. एकदम कोरा करकरीत!"

तपासनीस खुर्चीत बसले. खुर्ची कुणाची होती तेही त्यांनी पाहिलं नाही. माणूस इतकी वर्षं आळशी राहतो, आणि नेमका आजच कामाला लागतो! काय म्हणावं या जगाला? पण या खेपेला ओरडणं काही जमलं नाही. समोर सासूबाई पर्स बंद करून, कसं होईना चहा तरी घेऊ या, असं म्हणत होत्या, आणि त्यांच्याकडे बघायचा तपासनिसांना धीर होईना. माझ्यामुळे गेला तुझ्या बाबांचा आवाज, एवढंच त्यांना म्हणता आलं, आणि तेही बायकोला.

बायकोनं त्यांच्या हातातून फोन घेतला. शांतपणे म्हणाली, "दादा, मी बोलतेय. हे आता रागावणार नाहीत. खरं काय ते सांगा."

तेव्हा कॉम्प्युटरवाल्यानं कबूल केलं की ताई, पिशवीतून बाहेरसुद्धा काढलेला नाही. साहेब फार ओरडतात, म्हणून झालं म्हणालो.

फोन मोठ्या आवाजावर होता. खोलीत सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. साडू तर हसायलाच लागले. तपासनिसांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला आणि पुढच्याच क्षणी फोनकडे झेपावले. "म्हणजे इतके दिवस हातच लावला नाही? आणि वर खोटं बोलता?" बायकोनं फोन त्यांच्यापासून लांब धरला आणि बंद करून टाकला.

साडूंनी गाडी काढली, कॉम्प्युटर आणला, वायरी जोडल्या. सासूबाईंनी यंत्र पुन्हा कानात घातलं. लग्न सुरू झालं. सुटाबुटातले तपासनीस गाडीतून उतरले, आणि या वेळी कुणी बंद न केल्यामुळे फिल्म पुढे सरकली. फोटोवाल्यानं कॅमेरा सासऱ्यांवर नेला आणि विचारलं, जावई कसा वाटतो?

पडद्यावर सासरे गळ्यातला हार सारखा करत हसले. सासूबाईंनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. "मुलगा सोन्यासारखा आहे," सासरे म्हणाले. "पोरगी सुखात राहील. फक्त त्याचं स्वतःचं काही चुकलं ना, की आधी सगळ्या गावाची झडती घेईल. तेवढं सांभाळून घ्या."

साडू अतिशय लक्षपूर्वक छताकडे बघत होते. बायकोच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे वाक्य तिला लग्नापासून पाठ आहे.

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसतही होत्या. "तोच आवाज," त्या म्हणाल्या. "जावई, तेवढंच पुन्हा लावा."

लावलं. मग पुन्हा एकदा. मग डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नव्हतं म्हणून जरा मोठ्यानं. कॉम्प्युटर अडला की कुठे काय दाबायचं, हे त्या घरात एकाच माणसाला माहीत होतं, त्यामुळे बटण दर वेळी तपासनिसांनाच दाबावं लागलं.