टिपणीस बाईंची शेवटची बंद रेषा

प्लाझ्माची कड नेमकी कुठे असते? एवढाच प्रश्न घेऊन मी टिपणीस बाईंकडे गेलो होतो. उत्तर मिळाले की नाही, याबाबत माझा गोंधळ कायम आहे.

बाई आमच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवीत, मी भूगोल. निवृत्तीनंतर त्या डोंबिवलीतल्या घराबाहेर रोज एकच रांगोळी काढतात: इंग्रजी आठ. त्याचे एक पोट त्यांच्या उंबऱ्याशी, दुसरे समोरच्या. समोर त्यांच्या धाकट्या जाऊ शैलाताई राहतात. दोघींचे नवरे आता नाहीत.

"वहिनी, तुमचा आठ माझ्या चपलांखाली येतोय!"

"चपला हलव. आठ हलणार नाही."

मग बाई माझ्याकडे वळल्या. "सर, अणुमीलनाच्या भट्टीतला वायू, म्हणजेच प्लाझ्मा, इतका तप्त, की त्याला भांडे चालत नाही. चुंबकीय रेषा हेच भांडे. रेषेवरून चालू लागा. फिरत आतच राहिलात, तर प्लाझ्मात. भिंतीवर आदळलात, तर बाहेर. शेवटची बंद रेषा ती कड."

"तिथे असते काय?"

"काही नसते. पुढे!"

'पुढे!' म्हणजे समजले असे धरून चालणे. मला समजले नव्हते. आठाच्या फुलीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "इथे दोन्ही पोटांतल्या प्रवाहांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात." मी नेमका तिथेच उभा होतो.

"सर, इकडे या," शैलाताई दारातून म्हणाल्या. "चहा टाकलाय. तिकडे नुसत्या रेषाच मिळतील."

पुढच्या खेपेस शैलाताईंच्या दारात खोकी रचलेली होती. लेक त्यांना घोडबंदर रोडला आपल्या घरी कायमचे नेणार होती. रांगोळीत त्या दिवशी आठ नव्हता. दोन्ही उंबऱ्यांना वेढणारे एकच मोठे वळण होते.

"हे काय काढलंत, वहिनी?"

"दोन तारांतला प्रवाह एकाच दिशेने असला, की बाहेरच्या रेषा दोघींना मिळून वेढतात."

"म्हणजे?"

बाई रांगोळीच्या डब्याची उगाच उघडझाप करीत राहिल्या. "नाही समजलं, तर थांब चार दिवस. शिकवते."

शैलाताईंनी लेकीला फोन लावला. "टेम्पो परत पाठव गं. माझा धडा राहिलाय."

हे भौतिकशास्त्र होते की आणखी काही, मला सांगता येत नाही. वाचकांनी पुठ्ठ्यातून दोन उभ्या तारा ओवाव्यात, विद्युतघटाचा प्रवाह दोन्हींत एकाच दिशेने सोडावा, लोखंडाचा कीस भुरभुरवून पुठ्ठ्यावर हलकी टिचकी मारावी, आणि बाहेरच्या रेषा खरोखर दोन्हींना वेढतात का, हे स्वतः तपासावे.