पिवळ्या भिंतीचा अर्थ

साहेब, आमची भिंत तुम्ही पिवळी केलीत. नाव घेऊनच बोललो असतो, पण तुमच्या पत्राखाली सही नाही, नुसता शिक्का आहे.

रेषा, आकार आणि रंग यांचा अर्थ कळल्याशिवाय माणसाची उन्नती होत नाही, हे मान्य. म्हणूनच तर तुम्ही इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या या टोकाला पांढरंशुभ्र कलादालन बांधलंत आणि आमच्या अर्सुला हेक्स्टबाईंचं अमूर्त निसर्गचित्र तिथे टांगलंत. खाली काळा पट्टा, वर करडी रेघ, मधोमध पिवळा चौकोन. अर्थ लावायला सात जणांची समिती बसली (त्यांतल्या दोघांनी समुद्र पाहिला होता). अकरा बैठकांनंतर ठरलं: पिवळा म्हणजे किनाऱ्याची आर्त ओढ.

"अहो, पांढरा संपला होता," हेक्स्टबाई म्हणाल्या. "आणि सोमवारी दुकान बंद. ती लव्हडेच्या घराची भिंत आहे."

निवेदनाची नोंद झाली. (चित्रकार ही अर्थ लावण्यास अधिकृत व्यक्ती नसल्याने ते ग्राह्य धरलं नाही.) पण प्रत्यक्ष भिंत पांढरी निघाली. गाव चित्राशी विसंगत आहे, असा शेरा मारून तुम्ही रंगारी धाडलेत.

लव्हडे ट्रेंबाथ शिडी धरून उभी राहिली. "मेल्या, माझा नवरा समुद्रातून ही भिंत चर्चच्या मनोऱ्याच्या बरोबर खाली दिसेल अशी धरून होडी आत आणतो. पांढरं दिसलं नाही तर खडकावर जाईल तो."

"आर्त ओढीने ये म्हणावं," रंगारी म्हणाला आणि दुसरा हात मारायला लागला.

गुरुवारी दुपारी तिचा नवरा जेगो ट्रेंबाथ बांगडे घेऊन परतला. मागची टेकडी गॉर्सच्या काटेरी झुडपांच्या पिवळ्या फुलांनी फुललेली, भिंत तिच्यात विरघळून गेली. किनाऱ्यावर उरलेली एकमेव पांढरी भिंत त्याने मनोऱ्याखाली धरली. ती तुमच्या दालनाची. होडी खडकावर चढली आणि दालनाच्या मोठ्या खिडकीतून अगदी मधोमध दिसेल अशी अडकली.

खिडकीशी बेचाळीस रसिक होते. अभिप्रायवहीत एकेचाळीस नोंदी आहेत. 'कललेला आकार धाडसी.' 'क्षितिजाची शांतता मोडते, पण गोड.' 'लाल ठिपका जरा जास्तच हलतो.' (बेचाळिसाव्याला पेन मिळालं नाही.) जेगो लाल स्वेटर काढून हलवत होता.

शेवटी लव्हडेच शेजाऱ्याची होडी वल्हवत गेली. टाळ्या पडल्या.

"भिंत कोणी गं पिवळी केली?" जेगोने विचारलं.

"कलेने."

"मग तिला म्हणावं, आता मासेही तूच धर. माझी होडी फुटली."

आमच्या तक्रारीला तुमचं उत्तर आलं, साहेब: समिती रसिकांच्या अभिप्रायावर चालते. ठीक. मग वाचणाऱ्या, तुझ्याकडेच वळतो. सव्विसावी नोंद, ठिपक्याची, तुझी आहे. अक्षर सुबक आहे. ठिपका हलतो हे तुला दिसलं. तो माणूस आहे, हे दिसलं होतं का? हो की नाही, तेवढं लिहून पाठव.