खुर्ची उतरली, पाणी चढलं

झरी जामणीकडच्या जंगलातल्या त्या धरणावर सरकारी मोटारबोट एकच होती, आणि ती नेमकी कशासाठी घेतली हे कोणालाच सांगता येत नव्हतं. तिच्यातल्या तीन खुर्च्या मात्र मोठ्या झोकात होत्या. प्रत्येकीच्या खाली एकात एक सरकणारे दोन पाइप आणि त्यांना आवळून धरणारा लोखंडी पट्टा. पट्टा सैल करायचा, खुर्ची हवी तेवढी वरखाली करायची आणि पट्टा पुन्हा आवळायचा. पुढची खुर्ची बोट चालवणाऱ्या धर्मपालभाऊंची, मधली मोठ्या साहेबांची आणि तिच्या शेजारची शाखा अभियंता अनंत वझलवार यांची. साहेबांची खुर्ची सगळ्यांत उंच असावी असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं, म्हणूनच ते आजवर कधी मोडलं गेलं नव्हतं.

अनंतरावांना यवतमाळला बदली हवी होती. बायको आणि मुलगी तिथे, आणि हे इथे पत्र्याच्या क्वार्टरमध्ये स्वतःची खिचडी करपवत बसलेले.

"गौरी जूनमध्ये दहावीत जाते," शोभाताईंनी फोनवर बजावलं होतं. "यंदा तुम्ही आले नाही ना, तर तिचं गणित मी शिकवीन. मग जो निकाल लागेल त्याला तुम्ही जबाबदार."

बदली मोठ्या साहेबांच्या, म्हणजे गुल्हाने साहेबांच्या, हातात होती आणि साहेब सोमवारी धरण पाहायला येणार होते. म्हणून रविवारी अनंतरावांनी साहेबांच्या खुर्चीत स्वतः बसून पाहिलं. जरा हललं की ती बकरीसारखी ओरडायची.

"साहेब बसले अन् ही कोकलली तर माझी बदली गेली समजा," अनंतराव हबकले.

"कायले भेता अनंतभाऊ? पंपाचं ग्रीस हाय ना आपल्यापाशी," धर्मपालभाऊ म्हणाले. "लावा चोपडून."

अनंतरावांनी पट्टा सोडला, पाइप उपसून काढला आणि वरपासून खालपर्यंत ग्रीस चोपडलं.

"अजून लावा. साहेबांचं वजन पाह्यलं काय तुमी?"

अजून लावलं. खुर्ची गप्प झाली. दोघांनाही कृतकृत्य वाटलं. पाइप कोरडा असला तरच पट्ट्याच्या मुठीत टिकतो, ही गोष्ट दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

सोमवारी साहेब आले, उंच खुर्चीत विराजमान झाले आणि बोट निघाली. बोटीच्या कडेवरून साहेबांना काठ दिसत होता, पलीकडचं सागवान दिसत होतं, पाण्याची पातळी मोजायचा गेजचा खांब दिसत होता. खुर्चीचा आवाज नाही की काही नाही. अनंतराव मनातल्या मनात गौरीला प्रमेयं शिकवू लागले.

थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपला खांदा साहेबांच्या खांद्याच्या वर आला आहे. साहेब मुंगीच्या पावलांनी खाली चालले होते! अनंतरावांनी घाईघाईने स्वतःचा पट्टा सैल केला आणि चार बोटं खाली आले. साहेब आणखी उतरले, हेही उतरले. त्यांची खुर्ची तळाला टेकली तेव्हा ते उठले आणि सरळ बोटीच्या तळात लाइफ जॅकेटवर मांडी घालून बसले.

"खाली काय बसलात वझलवार?"

"इथे हवा छान लागते, साहेब."

साहेबांना ते पटलं. आपण उंचावर आहोत की नाही हे ते नेहमी शेजारच्याकडे पाहून ठरवत, आणि शेजारचा तर चांगलाच खाली होता. राहता राहिले धर्मपालभाऊ. अनंतरावांनी त्यांना मागून ढोसलं आणि हाताने खाली व्हायची खूण केली. भाऊंनीही निमूट खुर्ची उतरवली.

"अनंतभाऊ, मले पुढचं काहीच दिसून नाही राह्यलं," भाऊ कुजबुजले.

"अंदाजानं चालवा. पण साहेबांच्या वर जाऊ नका."

भाऊंनी अंदाजाने चालवली आणि बोट एका वठलेल्या झाडावर धाडकन आदळली. त्या दणक्याने साहेबांची खुर्ची उरलंसुरलं अंतर एका दमात उतरली. आता साहेबांची हनुवटी बोटीच्या कडेला लागली होती आणि दणक्याने उसळलेल्या पाण्यापलीकडे त्यांना काही दिसत नव्हतं. अनंतरावांनी डोळे मिटून घेतले.

"वझलवार!" साहेब ओरडले. "पाणी वाढलं!"

"अं?"

"निघालो तेव्हा काठ दिसत होता, गेज दिसत होता. आता बघा, पाणीच पाणी! अहो, झाडं बुडाली!"

"पण साहेब, फेब्रुवारीत..."

"झरे! जंगलातले झरे. मी यावर अमरावतीला भाषण दिलं आहे."

"गेजवर मात्र काल..."

"गेज चुकतं, वझलवार. डोळे चुकत नाहीत."

साहेब, पाणी चढलं नाही, तुम्ही उतरलात. हे वाक्य अनंतरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण असं वाक्य बोलून यवतमाळला बदली मिळालेला माणूस त्यांना एकही आठवेना. त्यांनी ते वाक्य गिळलं.

"हो साहेब. वाढलंय खरं."

काठाला आल्यावर दोघांनी ओढून साहेबांना वर काढलं. साहेब भलतेच खुशीत होते. त्यांनी अनंतरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्या बदलीवर आज सही करणारच होतो. पण धरण असं भरलेलं असताना तुमच्यासारखा जबाबदार माणूस हलवायचा कसा? पाणी उतरलं की कळवा. मी स्वतः येऊन बघीन, मग सही."

जीप धुरळा उडवत गेली. अनंतराव त्या धुरळ्याकडे बघत राहिले. रडावं की हसावं त्यांना कळेना, आणि शोभाताईंना काय सांगावं हे तर त्याहून कळेना.

मग ते एकदम वळले, रॉकेलची बाटली आणि फडकं घेऊन बोटीत शिरले आणि साहेबांच्या खुर्चीचा पाइप खसाखसा पुसू लागले.

"आता हे काय करून राह्यले?" धर्मपालभाऊंनी विचारलं.

"पाणी उतरवतोय."

भाऊंनी खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि कोरड्या पाइपासकट वर उचलायला सुरुवात केली. अनंतराव पाना घेऊन पट्ट्याशी बसले.

"पुढच्या सोमवारी बोलावतो साहेबांना. घ्या वर."

"एवढी पुरे?"

"अजून."

"अजून किती, बाप्पा?"

"यवतमाळ दिसेपर्यंत!"