बिघडलेलं पाऊल

व्यंकोबाअण्णा माणसाला आधी पोटरीवरून ओळखत, मग चेहऱ्यावरून. कानडी मुलुखातल्या चामराजपेटेत ते आमच्या समोर राहत. शाळेत ड्रॉइंग मास्तर, चतुर्थीच्या आधी गणपती करणारे आणि बाराही महिने खेळाडूंचे वेडे. गल्लीत कोणी शिरलं की अण्णांची नजर थेट धोतराच्या काठाखाली जायची. पुतणीला बघायला मंडळी आली, तेव्हाही ते नवऱ्या मुलाच्या पायांकडे टक लावून बसले आणि कॉफीचा घोट घेत म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण लांब पल्ल्याचा नाही." ते स्थळ तिथेच बारगळलं.

त्यांच्या अंगणात मातीचे पैलवान, भालाफेके, हॉकीवाले ओल्या गोणपाटाखाली उभे असत. ते कोणी विकत घेत नसे. लोकांना गणपती हवे असत, आणि अण्णांच्या हातून गणपतीही खेळाडूच निघे. एका वर्षी आमच्या वडिलांनी मूर्ती बघितली. छाती भरदार, मांड्या पिळदार.

"अण्णा, पोट कुठाय?"

"सराव केलाय त्यानं."

वडील ऐकेनात, तेव्हा अण्णांनी दोन मुठी माती थापून लंबोदर करून दिला. चेहरा असा, जणू त्या पोराची वर्षभराची मेहनत आम्हीच पाण्यात घातली.

पण आमच्याकडे मूर्ती बसायची ती त्यांच्याच हातची, त्यामुळे वडील त्यांचा शब्द सहसा मोडत नसत. हे माझ्या फार उपयोगी पडलं.

मी पळायचे. शाळेत होते तोवर कोणाची ना नव्हती. कॉलेजात गेले आणि वडील म्हणाले, "आता पुरे. लोक काय म्हणतील?" दसऱ्यानंतर म्हैसूरला कॉलेजांच्या स्पर्धा होत्या. तेवढ्या तरी पळू द्या म्हणून मी रडले, जेवण सोडलं, वडील ढिम्म. आईने हे समोरच्या घरी सांगितलं असावं, कारण त्याच आठवड्यात अण्णा आमच्याकडे येऊन बसले.

एका क्लबने त्यांना मैदानाच्या फाटकाशी बसवायला पळणाऱ्या खेळाडूची मूर्ती सांगितली होती. ज्याला पोट लावायचं नाही असं अण्णांच्या आयुष्यातलं ते पहिलंच काम. "केशवराव, मला बघायला इंदू पळायला हवी," ते म्हणाले. "पोरं पळताना तोंडं वेंगाडतात. मैदानावर मी छत्री घेऊन बसतोच आहे."

वडिलांनी बराच वेळ सुपारी कातरली. "सरी, चालेल. पण मूर्ती होईपर्यंतच. मूर्ती झाली की पळणं बंद."

मग रोज सकाळी मी पळायचे आणि छत्रीखालून हाक यायची, "स्वल्प थांब. श्वास सोडू नकोस." पळणाऱ्याला थांब म्हणणारा गुरू मला तेवढा एकच भेटला. पळणं झालं की अण्णा घरी जाऊन मातीत हात घालत. मूर्ती मात्र पुरी होईना. कधी गुडघा चुकायचा, कधी टाच. संध्याकाळी वडील दारातून विचारत, "अण्णा, झाली का?"

"पाऊल बिघडलं हो. अजून स्वल्प पळावं लागेल तिला."

श्रावण गेला, गणपती बसले, उठले. अण्णांना पोटाशिवाय काही जमत नाही, असं लोक हसून म्हणू लागले. क्लबचे सेक्रेटरी येऊन दटावून गेले.

एका सकाळी अण्णा छत्री मैदानावरच विसरले. ती द्यायला मी त्यांच्या मागच्या दाराने गेले. गोणपाट बाजूला पडलं होतं आणि मूर्ती पुरी झाली होती. ती मीच होते. पुढे झुकलेली, वेणी मागे उडालेली. इतकी सुंदर मी कधीच नव्हते. अण्णा तिच्याभोवती एकदा फिरले, टाचेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि घोट्यापासून मोडलं. त्याचा गोळा करून घमेल्यात टाकताना त्यांना मी दिसले.

"उद्या सहाला ये," ते म्हणाले. "पाऊल बिघडलंय."

मी छत्री भिंतीला टेकवली आणि हो म्हटलं.

म्हैसूरला मी दुसरी आले. वडिलांनी कप बैठकीत मांडला, येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतः दाखवू लागले आणि मूर्तीचं विचारायचं विसरून गेले. माझं पळणं पुन्हा कोणी बंद केलं नाही. पुढे मुलींना पळायला शिकवण्यातच माझी सगळी नोकरी गेली. ते सगळं अण्णांचं देणं आहे.

त्यांचं काम मात्र गेलं. क्लबने वाट बघून बघून दुसऱ्या कोणाकडून सिमेंटचा खेळाडू करून घेतला. तो बघायला अण्णा मलाच घेऊन गेले. फाटकाशी उभे राहून त्यांनी बराच वेळ त्याच्या पोटऱ्या न्याहाळल्या.

"वाईट नाही," ते म्हणाले. "पोट स्वल्प सुटलंय."

मला हसू येईना. "अण्णा, ही जागा तुमची होती."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, नेहमीसारखं.

"माती काय, पुन्हा भिजवता येते," ते म्हणाले. "पोटरी एकदा सैल पडली की पडली. चल, घरापर्यंत पळत जा. मी येतो मागून."